परोपजीवी गांधीलमाशीच्या नव्या प्रजातीचे वर्णन कसे करावे : सातारा-सांगलीच्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शन

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पश्चिमेला कास, कोयना आणि चांदोलीचा धुवाधार पावसाचा पट्टा आहे, मधोमध कृष्णाकाठचा ऊस आणि हळद आहे, आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत असा अवर्षणप्रवण माळ पसरलेला आहे. पूर्व-पश्चिम एवढ्याशा अंतरात वनस्पती इतक्या बदलतात की त्यांच्यावर जगणाऱ्या अळ्या बदलतात आणि त्या अळ्यांवर वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्याही बदलतात. या माश्या मोहोळ करत नाहीत आणि बहुतेक माणसाला दंशही करत नाहीत. त्यांची मादी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात अंडे घालते आणि तिची पिल्ले त्या यजमानाला आतून किंवा बाहेरून खाऊन शेवटी मारतात. ब्रॅकोनिडी, इक्न्युमोनिडी, युलोफिडी, एन्सर्टिडी, सिलिओनिडी अशी त्यांची अनेक कुले आहेत आणि उष्ण कटिबंधातल्या त्यांच्या असंख्य प्रजाती अजून अनामिक आहेत. त्यामुळे आपल्या भागात अवर्णित प्रजाती सापडणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. अवघड आहे ते ती आधी कोणीही वर्णिलेली नाही हे पुराव्यानिशी दाखवणे, आणि या लेखाचा भर त्याच कामावर आहे.

सुरुवात कोठून करावी

बहुतेक विद्यार्थी हातजाळी घेऊन बाहेर पडतात. मलेझ सापळा (उडते कीटक अडवणारा तंबूसारखा जाळीचा सापळा) किंवा पिवळ्या ताटल्यांत साबणाचे पाणी ठेवून केलेला संग्रह हाही मान्य मार्ग आहे आणि एखाद्या परिसरात किती विविधता आहे हे पाहण्यासाठी तो उत्तमच आहे. तरीही ज्याला प्रजातीचे वर्णन करायचे आहे त्याने शक्य तेव्हा यजमानापासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. सापळ्यात पडलेल्या माशीविषयी आपल्याला फक्त ठिकाण आणि तारीख कळते. अळी पाळून तिच्यातून निघालेल्या माशीविषयी ती कोणत्या वनस्पतीवरील कोणत्या अळीतून, त्या अळीच्या कोणत्या अवस्थेत आणि किती संख्येने बाहेर पडली हे सारे कळते. पुढे एखाद्या शेतकऱ्याला किंवा कीडनियंत्रणाच्या अभ्यासकाला याच माहितीचा उपयोग होतो.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावरच्या फुलपाखरांच्या अळ्या, करवंद, गेळा, कारवी यांच्या पानांवरच्या अळ्या, गुंडाळलेली पाने, देठांवरच्या गाठी, कोळ्यांच्या अंड्यांच्या पिशव्या, उंबराची फळे अशा कितीतरी ठिकाणी शोध घेता येतो. उंबराच्या फळांना बारीक कापडाची पिशवी बांधली तर एका फळातून अनेक प्रकारच्या माश्या निघतात, मात्र त्यांतली सेराटोसोलेन ही परागीभवन करणारी आहे आणि बाकीच्यांपैकी फक्त काही परोपजीवी आहेत, हे विसरू नये. ऊस, तूर, मका यांच्या किडींवरील माश्यांचा अभ्यास पुष्कळ झालेला असल्यामुळे तेथे नवी प्रजाती मिळण्याची शक्यता रानातल्या अळ्यांपेक्षा कमी असते. मात्र ओळखीच्या प्रजातींचे खात्रीचे नमुने तुलनेसाठी तेथूनच मिळतात, म्हणून शेतातला संग्रहही करावाच.

प्रत्येक अळी वेगळ्या डबीत ठेवावी, डबीवर क्रमांक घालावा, ताजे पान रोज द्यावे आणि जुनी विष्ठा काढून टाकावी. ब्रॅकोनिडी कुलातल्या कोटेशिया वंशाच्या माश्यांनी ग्रासलेली अळी सुरुवातीला खात राहते, मग मंदावते, आणि एके दिवशी तिच्या दोन्ही कुशींतून पांढुरक्या, बिनपायाच्या अळ्या कातडीला भोक पाडून एकामागून एक बाहेर येतात. अर्धे शरीर अजून आतच असताना त्या डोके हलवून रेशीम काढू लागतात, आणि काही तासांत यजमान अळीच्या भोवती पांढऱ्या किंवा पिवळसर कोषांचा कापसासारखा पुंजका तयार होतो. पुष्कळदा यजमान अळी तेव्हाही जिवंत असते. या क्षणी अळीचे आणि पानाचे छायाचित्र घ्यावे, कारण नंतर अळी आक्रसते आणि ओळखू येत नाही. अळीची कातडी आणि डोक्याचे कवच वाळवून त्याच क्रमांकाखाली जपावे.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. कोषांतून जे बाहेर येते ते त्या कोषाचा मूळ मालक असतेच असे नाही. परोपजीवीवर वाढणारे दुय्यम परोपजीवीही असतात; टेरोमॅलिडी आणि युलोफिडी कुलांतल्या हिरव्या-निळ्या झळाळीच्या लहान माश्या कोटेशियाच्या कोषांतून सर्रास निघतात. सगळे कोष एकाच डबीत ठेवले तर कोण कोणातून निघाले हे सांगता येत नाही. म्हणून पुंजका हलक्या हाताने सोडवून शक्य तेवढे कोष वेगवेगळ्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये ठेवावेत. माशी बाहेर आल्यावर तिला लगेच मारू नये. काही तास जिवंत ठेवावे म्हणजे पंख नीट पसरतात आणि रंग पक्का होतो.

परवानगी

खासगी शेतात मालकाला विचारून आणि कामाचा हेतू समजावून सांगून संग्रह करावा. कासच्या पठारासारख्या राखीव वनात वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे भाग असल्यामुळे तेथील अर्ज वन्यजीव विभागाच्या वरिष्ठ कार्यालयाकडे जातो. हा अर्ज हंगामाच्या बराच आधी करावा. परवानगीचा क्रमांक शोधनिबंधात द्यावा लागतो, आणि परवानगीविना गोळा केलेल्या नमुन्यावर नवी प्रजाती उभी करणे हे संशोधनाच्या दृष्टीने आणि कायद्याच्या दृष्टीनेही अयोग्य आहे.

नमुना तयार करणे

डीएनएसाठी ठेवायचे नमुने ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये घालून शीतपेटीत ठेवावेत. बाजारात मिळणारे, विषारी द्रव्ये मिसळलेले स्पिरिट त्यासाठी वापरू नये. शुद्ध इथेनॉल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमार्फतच मिळवावे. ब्रॅकोनिडीसारख्या कणखर माश्या वाळवून टोचता येतात, परंतु युलोफिडीसारख्या मऊ अंगाच्या माश्या हवेत वाळवल्या तर डोके आणि उदर आक्रसते आणि मोजमाप निरर्थक होते. त्या हेक्सामेथिलडायसिलाझेन या द्रवातून किंवा क्रांतिबिंदू-शुष्कनाने (दाबाखाली, न आक्रसता सुकवण्याच्या यंत्रपद्धतीने) वाळवाव्यात. ट्रायकोग्रामासारख्या अर्ध्या मिलिमीटरच्या माश्या काचपट्टीवर कॅनडा बाल्समात बसवाव्या लागतात.

टोचण्याजोगी पण लहान माशी सुईने थेट टोचू नये. जाड कागदाचा निमुळता त्रिकोण कापून त्याच्या रुंद बाजूतून कीटकाची सुई घालावी, टोकाला पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा अगदी बारीक ठिपका ठेवावा आणि माशीच्या वक्षाची उजवी बाजू त्याला टेकवावी. डिंक पायांच्या मुळाशी किंवा उदराच्या पहिल्या पट्टावर ओघळला तर नेमकी तीच लक्षणे झाकली जातात ज्यांवर पुढे वर्णन आधारायचे असते. पाण्यात विरघळणारा डिंक वापरण्याचे कारणही हेच की पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला नमुना सोडवून पुन्हा बसवावा लागला तर ते शक्य व्हावे.

चिठ्ठीवर देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पद्धत आणि संग्राहकाचे नाव लिहावे. दुसऱ्या चिठ्ठीवर यजमान, वनस्पती आणि पाळणीचा क्रमांक द्यावा. तालुका गाळू नये. नागठाणे सातारा तालुक्यात आहे आणि पलूस तालुक्यातही आहे. नुसते 'नागठाणे' लिहिलेली चिठ्ठी पुढच्या अभ्यासकाला चुकीच्या जिल्ह्यात नेईल. महिना रोमन अंकात लिहिण्याची पद्धत आहे, त्यामुळे दिवस आणि महिना यांची गल्लत होत नाही.

तुलना : कामाचा गाभा

आधी कुल, मग उपकुल, मग वंश असे ओळखतक्त्यांच्या साहाय्याने उतरावे. वंश निश्चित झाल्यावर त्या वंशातल्या कोणत्या प्रजातींशी तुलना करायची याची यादी करावी, आणि ही यादी महाराष्ट्रापुरती किंवा भारतापुरती ठेवू नये. माश्यांना राज्याच्या सीमा ठाऊक नसतात. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, इंडोनेशियापर्यंतच्या प्रजाती तपासाव्यात, आणि यजमान पिकांबरोबर सर्वत्र पसरलेला असेल तर आफ्रिका व ऑस्ट्रेलियातल्याही. चाल्सिडोइडिया या महाकुलासाठी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने उभारलेला जागतिक माहितीसंच ही यादी करण्यास फार उपयोगी पडतो. भारतीय प्रजातींसाठी कालिकत विद्यापीठातील टी. सी. नरेंद्रन आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मोहम्मद हयात यांच्या लेखनाशिवाय चाल्सिडोइडियात पाऊल टाकता येणार नाही. इक्न्युमोनिडीसाठी क्लॉड मॉर्ली यांचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालिकेतला १९१३ चा खंड जुना असला तरी पाहावाच लागतो.

अडचण येते ती एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांपाशी. फ्रान्सिस वॉकर किंवा पीटर कॅमेरॉन या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञांची वर्णने कित्येकदा काही ओळींची असतात: रंग काळा, पाय पिवळसर, पंख पारदर्शक. एवढ्या वर्णनात आपली माशीही बसते आणि आणखी शेकडो बसतात. अशा वेळी ते वर्णन बाजूला सारून पुढे जाऊ नये. त्या प्रजातीचा मूळ आदर्श नमुना, म्हणजे ज्याला ते नाव कायमचे बांधलेले असते तो नमुना, कोणत्या संग्रहालयात आहे ते शोधून तेथील संग्रहपालाला विनंती करावी. मोठी संग्रहालये आदर्श नमुन्यांची छायाचित्रे पुष्कळदा पाठवतात. उत्तर यायला महिने लागले तरी थांबावे. आधी दिलेले नाव वैध, या प्राधान्याच्या नियमानुसार, आपण घाईने दिलेले नाव जुन्या नावाचे समानार्थी ठरले तर ते बाद होते आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला त्या बाद नावाचे ओझे यादीत वाहावे लागते.

बाह्यरूप फसवते याचे आपल्या उसाच्या पट्ट्याला जवळचे उदाहरण ट्रायकोग्रामाचेच आहे. खोडकिडीविरुद्ध ज्या ट्रायकोकार्डांचे तुकडे शेतकरी पानांना लावतात, त्यांतल्या माश्यांना भारतात पूर्वी इव्हॅनेसेन्स, मिन्यूटम अशी परदेशी प्रजातींची नावे लावली जात. १९६८ पासून सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी संकराचे प्रयोग आणि नराच्या जननेंद्रियांची रचना यांच्या आधारे दाखवून दिले की दिसायला सारख्या या माश्या वेगवेगळ्या प्रजातींच्या आहेत. तेव्हापासून ट्रायकोग्रामाची प्रजाती नराचे जननेंद्रिय पाहिल्याशिवाय कोणी सांगत नाही. उसाच्या खोडकिडीवरच येणाऱ्या कोटेशिया फ्लॅव्हिपीसचे तसेच आहे. तिच्या गटातल्या सेसामी, चिलोनिस आणि नोनाग्री या प्रजाती बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात. म्हणून आपल्या गटात कोणते लक्षण निर्णायक मानले जाते ते आधी वाचावे आणि ते पाहण्याजोगा नमुना, बहुधा नर व मादी दोन्ही, हाताशी ठेवावा.

एकाच नमुन्यावर भिस्त ठेवू नये. यजमान अळी लहान असली किंवा एका अळीत फार पिल्ले वाढली तर माश्या आकाराने लहान निघतात, आणि थंड हंगामात किंवा उंचावर वाढलेल्या माश्या पुष्कळदा अधिक काळपट असतात. महाबळेश्वरची काळी आणि तासगावची पिवळसर माशी एकाच प्रजातीची असू शकते. वेगवेगळ्या ठिकाणच्या आणि हंगामांच्या नमुन्यांत जे लक्षण टिकून राहते तेच प्रजातीचे लक्षण मानावे. विशेषतः लांबी-रुंदीची गुणोत्तरे, पंखांतील शिरांची मांडणी आणि पृष्ठभागावरचे कोरीवकाम रंगापेक्षा विश्वासार्ह ठरतात.

डीएनएची जोड

माशीचा एक पाय काढून त्यातून सीओआय या मायटोकाँड्रियातल्या जनुकाचा ६५८ बेस जोड्यांचा ठरावीक तुकडा वाचता येतो आणि बाकीचा नमुना शाबूत राहतो. हा तुकडा सार्वजनिक माहितीसंचात जमा करून त्याचा क्रमांक निबंधात द्यावा. २०२१ मध्ये कोस्टा रिकातील ब्रॅकोनिडीच्या ४०३ नव्या प्रजाती मुख्यतः या तुकड्याच्या आधारे, अगदी थोडक्या शाब्दिक वर्णनासह प्रसिद्ध झाल्या आणि त्यावर वर्गीकरणशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. अनामिक प्रजातींची संख्या पाहता त्या लेखकांची घाई समजण्यासारखी आहे. पण आपल्याकडे ज्याच्याजवळ फक्त सूक्ष्मदर्शक आहे अशा कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही प्रजाती ओळखता यायला हवी, म्हणून रूपवर्णन आणि डीएनए दोन्ही द्यावेत असे मला वाटते. शिवाय वोल्बाकिया या जिवाणूच्या संसर्गामुळे मायटोकाँड्रियाचा पुरावा दिशाभूल करू शकतो. अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा ठोकताळा कोणत्याही गटाला सरसकट लावू नये.

वर्णन लिहिणे

निबंधात निदान आणि वर्णन हे दोन वेगळे भाग असतात. निदानात आपली प्रजाती तिच्या सर्वांत जवळच्या प्रजातींपासून कशी वेगळी आहे एवढेच सांगायचे असते. वर्णनात डोक्यापासून अंडनिक्षेपकापर्यंत (अंडे घालण्याच्या नळीपर्यंत) सारे अवयव क्रमाने यायला हवेत. निदानात "पहिला पृष्ठपट्ट (उदराचा वरचा पट्ट) लांबट" असे लिहून भागत नाही. कशापेक्षा लांबट, हे सांगावे: उदाहरणादाखल, "पहिल्या पृष्ठपट्टाची लांबी त्याच्या मागील कडेच्या रुंदीच्या १.४ ते १.६ पट, जवळच्या प्रजातीत १.१ ते १.२ पट". प्रत्येक गुणोत्तर अनेक नमुन्यांवर मोजून त्याची कक्षा द्यावी आणि आदर्श नमुन्याचे मूल्य स्वतंत्र सांगावे. जवळच्या प्रजातीची मोजमापे दुसऱ्याच्या निबंधातून उचलण्याऐवजी शक्यतो तिचे नमुने स्वतः मोजून द्यावीत. वंशातल्या सर्वच प्रजातींत असणारी लक्षणे, जसे कोटेशिया ज्यात येते त्या मायक्रोगॅस्ट्रिनी उपकुलात शृंगिकेचे (स्पर्शिकेचे) १८ खंड, निदानात घालू नयेत. त्यांनी काहीच वेगळे होत नाही.

छायाचित्रे वेगवेगळ्या खोलींवर घेऊन जोडलेली असावीत आणि प्रत्येकावर मापपट्टी असावी. संपूर्ण शरीर बाजूने, डोके समोरून, वक्ष वरून, प्रोपोडियम (वक्षाचा उदराला लागून असलेला मागचा भाग) आणि उदराचे पहिले पट्ट वरून, पुढचा पंख व अंडनिक्षेपक एवढी चित्रे किमान हवीत.

नाव आणि आदर्श नमुना

प्राण्यांच्या नावांचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आहेत. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव रोमन लिपीत लिहावे लागते, ते नवे आहे असे स्पष्ट नोंदवावे लागते, वेगळेपण सांगणारे वर्णन द्यावे लागते आणि आदर्श नमुना निःसंदिग्धपणे निवडून तो कोठे ठेवला ते सांगावे लागते. वर्णनाच्या भाषेची मात्र संहितेला अट नाही. मराठीत लिहिलेले वर्णनही नियमाने ग्राह्य आहे, आणि इंग्रजी निबंधाला मराठी सारांश जोडला तर स्थानिक शेतकरी व विद्यार्थ्यांपर्यंत तो पोहोचेल, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जगभरच्या अभ्यासकांसाठी निदानाचा भाग इंग्रजीत असावा एवढे पाहावे.

स्थळावरून नाव देताना वंशाचे व्याकरणिक लिंग पाहावे. कोटेशिया स्त्रीलिंगी आणि एपँटेलिस पुल्लिंगी असल्यामुळे दोन्हींना सातारेन्सिस चालेल, परंतु ट्रायकोग्रामा नपुंसकलिंगी असल्यामुळे तेथे सातारेन्से होईल. व्यक्तीच्या सन्मानार्थ नाव देताना पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी लॅटिन षष्ठीचे प्रत्यय वेगळे असतात. स्वतःचे नाव देऊ नये. संहितेत तशी बंदी नसली तरी ते शिष्टसंमत नाही. तेच नाव त्या वंशात आधी कोणी वापरलेले नाही याचीही खात्री करावी.

निबंध छापून येण्याआधी ते नाव वर्तमानपत्राला, पोस्टरवर किंवा प्रबंधात देऊ नये. जिल्हा पुरवणीत बातमी यावी असे कोणालाही वाटते, आणि त्यात गैर काही नाही, पण ती निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर यावी. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात निबंध देणार असाल तर प्रसिद्धीपूर्वी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करून तिचा क्रमांक निबंधातच छापलेला असणे बंधनकारक आहे. २०१२ च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे आणि तो चुकला तर नाव उपलब्धच (नियमाने ग्राह्यच) मानले जात नाही. पैसे घेऊन आठवड्याभरात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. त्या गटाचा जाणकार परीक्षक मिळेल असेच नियतकालिक निवडावे, कारण त्याने काढलेली चूक ही प्रसिद्धीआधी दुरुस्त करता येणारी शेवटची चूक असते.

आदर्श नमुना घरी किंवा विभागाच्या कपाटात ठेवू नये. आपल्या पावसाळ्यातली बुरशी आणि कपाटातले बारीक किडे काही वर्षांत सुईवर फक्त चिठ्ठी शिल्लक ठेवतात. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि पुरावा-नमुने नियुक्त संस्थेकडे देणे आवश्यकच आहे. आपल्याला सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुण्यात आकुर्डी येथील पश्चिम प्रादेशिक केंद्र. शेतीशी निगडित गटांसाठी बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था हाही चांगला पर्याय आहे. सहआदर्श नमुने (आदर्श नमुन्याबरोबर वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने) शक्य झाल्यास दोन वेगळ्या शहरांतल्या संग्रहांत विभागून द्यावेत आणि परिग्रहण (संग्रहात दाखल झाल्याचा) क्रमांक मिळाल्यावरच निबंधाची अंतिम प्रत पाठवावी. निबंध प्रसिद्ध झाला की त्याची एक प्रत परवानगी देणाऱ्या वनविभागाला आणि एक, मराठी सारांशासह, ज्याच्या बांधावरून ती अळी उचलली त्या शेतकऱ्याला द्यावी.